सकवारबाईंचं माप

अंगुस्तान बोटात जाईना.

सकवारबाईंनी ते पुन्हा मधल्या बोटावर ठेवून दाबलं. पितळेचं अंगुस्तान, टोकाला सुईचे खळगे पडलेलं, तीस वर्षं त्याच बोटावर बसत आलेलं. हल्ली ते घट्ट बसे, आज तर नखाशीच अडलं. परक्या उंबऱ्याशी पाहुणं थांबावं, तसं थांबून राहिलं.

"माझं अंगुस्तान कुणी बदललं?"

राजाजीनगरच्या त्या घरात दुपारच्या वेळी उत्तर द्यायला दोघीच. नवरा उमाजी आणि मुलगा प्रणीत सकाळीच चिकपेटला शिंपीकामाच्या दुकानात जात, ते दिवेलागणीला परत. मागं उरायच्या सकवारबाई आणि त्यांची सून कावेरी. सून घरच्या मशीनवर बायकांचे ब्लाउज शिवी, सासू दुकानातल्या कोटांची काजं हातानं करी. चिकपेटेत मशीनची काजं सगळीकडे मिळत, पण उमाजींच्या दुकानातल्या कोटाचं काज म्हणजे सकवारबाईंच्या हातचं, रेशमी दोऱ्याचं, डोळ्यासारखं रेखीव.

"कुणी नाही बदललं, आत्याबाई."

सकवारबाई दचकल्या. आवाज अगदी उजव्या कानाशी. कावेरी शेजारीच उभी, हातात कॉफीचा पेला. आली कधी, आली कुठून?

"मांजराच्या पायानं येतेस तू. आधी चाहूल द्यावी माणसानं."

"दारातनंच हाक मारली की मी."

"मग दिसली नसतीस? आंधळी झाले का मी?"

कावेरीनं पेला ठेवला आणि ती गेली. गेली तीही अशी, की दोन पावलांत नाहीशी. हल्ली असंच होई. समोरचं सगळं लख्ख दिसे, सुईत दोरासुद्धा पहिल्या फटक्यात जाई. पण ही पोर मात्र भिंतीतून निघाल्यासारखी निघे आणि भिंतीतच मुरे. लपूनछपून वावरणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, ते सांगायला का पाहिजे?

सकवारबाईंनी अंगुस्तान डबीत टाकलं आणि उघड्या बोटानंच काज धरलं. बोटांना मुंग्या आल्या. त्याही हल्लीच्याच.

कावेरी होसूरची. शिंप्याचीच लेक. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा सकवारबाईंनी तिच्या हातचा टाका उलटासुलटा करून पाहिला होता आणि मनातल्या मनात खूश झाल्या होत्या. उमाजींनी तर सुनेला लेकीसारखं जवळ बसवून बेतायला, कापायला शिकवलं. तिच्या नावाची मापाची वही घालून दिली. धंद्याचा पहिला नियमही त्यांनीच सांगितला: "गिऱ्हाईक अंगानं वाढलं, तर तोंडावर म्हणायचं नाही. बाईमाणसाला तर नाहीच नाही. गप शिवण उसवायची, आतली माया सोडायची, इस्त्री मारून द्यायचं. आनंदानं घालून जातं." शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड, त्याला त्यांच्या धंद्यात माया म्हणतात.

सगळं चांगलं चाललं होतं. मग एका दुपारी डोकं ठणकायला लागलं म्हणून सकवारबाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांनी पाहिलं, कावेरी मशीनमागं पाठ फिरवून बसली आहे आणि मांडीवर सकवारबाईंचा स्वतःचा हिरवा ब्लाउज घेऊन ब्लेडनं शिवण उसवते आहे.

त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर ती सावध होईल. त्या पाळतीवर राहिल्या.

पुढच्या महिन्यात जांभळा ब्लाउज. मग पांढरा. नवा शिवलेला तर घातल्या दिवसापासून काखेत काचू लागला. सकवारबाईंना हसू आलं, कडवट हसू. शिंपी कापड खातो म्हणून जग बोलतं. जन्मभर गिऱ्हाइकांचे टोमणे हसून झेलले, आणि आता शिंप्याच्याच घरात, शिंप्याच्याच बायकोचं कापड शिंप्याची सून खाते! जातं कुठं ते? होसूरला धाकटी बहीण आहे तिची, लग्नाची.

शहाण्णव सालचा दसरा आला. दुकानात मशीनला कुंकू लागलं, कात्रीला झेंडू वाहिला, दाराशी कोहळा फुटला. त्याआधी चार दिवस सकवारबाईंनी आपल्या पाटल्या उजळायला दिल्या होत्या. आईच्या पाटल्या; आईनं आपल्या हातातून काढून लेकीच्या हातात घातलेल्या. वर्षातून एकदा, दसऱ्याला तेवढ्या निघत. डोकं फार दुखत होतं म्हणून नेल्या कावेरीनं, आणल्याही कावेरीनं.

दसऱ्याच्या सकाळी पाटली हातात चढेना.

साबण लावला. तेल लावलं. हाताचा चंबू करून अंगठा आत मुडपला. कातडी सोलवटली, पाटली मुठीवर अडून राहिली. सकवारबाई मोरीत पाटावर बसल्या आणि त्यांच्या तोंडून आपोआप ओवी निघाली, जशी त्यांच्या आईच्या तोंडून निघे:

सोन्याची गं पाटली, माझ्या आईच्या हातची,
रुसली कुणाच्या बोलानं, वाट सोडी मनगटाची.

बोल कुणाचा, ते त्यांना ठाऊक होतं.

त्या तशाच ऑटोत बसून चिकपेटला सोनाराकडे गेल्या. मालोजी पोतदार पिढीजात ओळखीचा. त्यानं काटा मांडला. "गुंजभर कमी नाही, अक्का. आणि हे बघा, आत तुमच्या आईच्या नावाचं अक्षर."

"अक्षर काय, कोरता येतं."

"अय्यो! मी कोरू? तुमच्या आईला मी मावशी म्हणत होतो. हात सुजलाय तुमचा, स्वल्प डॉक्टरला दाखवा."

"डोळे सुजलेत तुझे," म्हणून सकवारबाई उठल्या. उठताना दाराशी कुणीतरी खांद्याला धडकलं. बाजूनं माणसं अशी अंगावर का येतात हल्ली? परतताना त्यांच्या मनानं हिशोब जुळवून टाकला. वजन तेच, अक्षर तेच, तरी पाटली लहान. म्हणजे सोनारही सामील. कावेरीचा मामा त्याच गल्लीत राहतो.

रात्री त्यांनी उमाजींना सांगितलं, "रविवारी तिच्या बापाला बोलवा. लेक घेऊन जा म्हणावं."

उमाजींनी गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली. "अगं, पुरावा काय?"

"माझा हात. आणखी काय पाहिजे?"

"प्रणीतला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? बाईल आल्यापासून त्याचे कान तिच्याकडेच फिरलेत."

प्रणीत भिंतीपलीकडं जागाच होता. तो आईशी दोन दिवस बोलला नाही. कावेरीही बोलली नाही. शनिवारी तिनं आपले कपडे एका कापडी पिशवीत भरले आणि ती पिशवी बाहेरच्या दाराशी ठेवली. रडली असेल तर कुणाला दिसली नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला दार वाजलं. सकवारबाईंनीच उघडलं. दारात कावेरीचे वडील भीमसेन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून लग्नानंतर या तीन वर्षांत त्यांनी हा उंबरा पाहिला नव्हता. त्यांनी सकवारबाईंकडे पाहून हात जोडले.

"नमस्कार मा. सकवारअक्का आहेत का घरात? होसूरचा भीमसेन आलाय म्हणून सांगा."

सकवारबाईंच्या अंगाची लाही झाली. "थट्टा करता? लेक चोर, बाप बहुरूपी!"

आवाज ऐकून भीमसेनांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. आवाजही पूर्वीचा नव्हता, जाड घोगरा झाला होता. पण बोलण्याची ढब तीच. "अक्का? तुम्ही? माफ करा अक्का, मला खरंच..." ते विहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळ पुढं आलेलं, नाक रुंद, हनुवटी लांब. लग्नात पाहिलेल्या नाजूक जिवणीच्या बाईची कुणी थोरली बहीण असावी, तशी ही.

सगळे बसले. सकवारबाईंनी एकेक काढलं. ब्लाउज. पाटल्या. अंगुस्तान. चोरपावलानं येणं. "माझ्या पाठीमागं माझ्याच शिवणी उसवते ही. विचारा, नाही म्हणते का बघा."

"नाही म्हणत नाही," कावेरी म्हणाली.

प्रणीतनं चमकून बायकोकडे पाहिलं.

"ऐका!" सकवारबाई म्हणाल्या. "आपल्या तोंडानं कबूल झाली."

"उसवत होते. माया सोडायला. नव्या ब्लाउजची तर सगळी सोडली, तरी पुरली नाही." कावेरी थांबली नाही. "मामंजींनीच शिकवलंय, तोंडावर म्हणायचं नाही म्हणून. नाही म्हटलं मी. तीन वर्षं नाही म्हटलं."

उमाजींनी हळूच विचारलं, "वहीत लिहिलंस?"

"सगळं लिहिलं."

"आण."

वही आली. कावेरीनं पान उघडलं. वर 'आत्याबाई' असं लिहिलेलं. उमाजींनी चष्मा लावला आणि गिऱ्हाइकाचं वाचावं तसं ते मोठ्यानं वाचू लागले. पहिल्या वर्षी कंबर चौतीस, आता चौतीस. पहिल्या वर्षी गळा साडेतेरा, आता पंधरा. बरगड्यांचा घेर दोन इंच जास्त. खाली बारीक अक्षरात आणखी काहीबाही, धंद्याच्या वहीत कुणी लिहीत नाही असं. गौरीच्या काचेच्या बांगड्या: पहिल्या वर्षी दोन-चार, मग दोन-सहा, यंदा दोन-आठ. चप्पल: पाच, सहा, सात.

"बांगड्या तूच आणत होतीस?" सकवारबाईंनी विचारलं.

"दरवर्षी एक माप वाढवून. तुम्हांला सहज चढाव्यात म्हणून."

"म्हणजे मी फुगले, असं म्हण की!"

"नाही," उमाजी म्हणाले. ते वहीवरून मान वर करीत नव्हते. "फुगलं की माणूस आधी कंबरेत फुगतं. चाळीस वर्षं टेप धरलीय मी. कंबर तीच आहे आणि मनगट वाढलंय. मूठ वाढलीय. पाऊल वाढलंय. पन्नाशीतल्या बाईचं पाऊल वाढतं का गं कधी?" त्यांनी वही मिटली. "माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर! आणि मी सुनेला गप बसायला शिकवलं."

भीमसेनांनी वाकून पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आधी डॉक्टरला दाखवा, अक्का," ते म्हणाले. "ते काय सांगतात कळवा. मग तुम्ही म्हणाल तसं. पिशवी इथंच राहू दे." पाणी न पिताच ते होसूरच्या बसला निघून गेले.

सकवारबाई इस्पितळात गेल्या त्या बरं व्हायला नव्हे. वही खोटी ठरवायला गेल्या. कावेरीला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं. डोळ्याआड नको.

डॉक्टर निवेदिता तरुण होती, कन्नडच बोलत होती, पण सकवारबाईंना कन्नड मराठीइतकंच कळे. तिनं हात पाहिले, जीभ पाहिली, अंगठी कधीपासून होत नाही ते विचारलं. घाम फार येतो का? येतो. घोरता का? यावर उमाजींनीच हो म्हटलं. प्रणीतच्या लग्नातला, वहीत घालून आणलेला फोटो मागून तिनं तो सकवारबाईंच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि बराच वेळ पाहिला. मग समोर बसून आपले दोन्ही हात बाजूंना लांब पसरले.

"अम्मा, माझ्या नाकाकडे बघायचं. कडेला माझं बोट हललेलं दिसलं की सांगायचं."

सकवारबाई बघत राहिल्या. काहीच हलेना. "बोटं लपवून ठेवलीत आणि मला विचारता दिसतात का!"

"हलतायत, अव्वा," प्रणीत म्हणाला. "दोन्ही हातांची."

"तू तिकडचाच आहेस."

डॉक्टर हसली नाही. "बरं. तुमची सून आत्ता कुठे आहे?"

"बाहेर असेल. फोन लावत असेल बापाला."

"मी इथंच आहे, आत्याबाई."

सकवारबाईंनी मान वळवली. कावेरी त्यांच्या खुर्चीला खेटून, हातभर अंतरावर उभी होती. मघापासून तिथंच होती. फोटोसुद्धा तिनंच डॉक्टरच्या हातात दिला होता.

रक्त तपासून झालं, डोक्याचं चित्र काढून झालं, त्यात आठवडा गेला. मग डॉक्टरनं ते काळं चित्र दिव्यावर लावलं.

"अम्मा, तुम्ही काजं करता ना? मग तुम्हांला समजेल. शरीरात निरोप दोन तऱ्हेनं जातात. एक मज्जातंतूंचा, म्हणजे दोऱ्याचा. या टोकाला ओढलं की त्या टोकाला लगेच कळतं. दुसरा ग्रंथींचा. तो रंगाच्या हंड्यासारखा. रक्तात चिमूटभर सोडला की सावकाश सगळ्या अंगाला रंग चढतो. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. वाढ, दूध, पाळी, सगळ्यांचे निरोप तिथून निघतात. लहानपणी ती 'वाढ' म्हणते, म्हणून आपण वाढतो. मोठेपणी हळू आवाजात बोलते. तुमच्या ग्रंथीत एक गाठ झाली आहे, आणि ती गाठ गेली कित्येक वर्षं अखंड 'वाढ, वाढ' म्हणते आहे. हाडांची लांबी आता वाढू शकत नाही, म्हणून जाडी वाढते. बोटं, पाऊल, हनुवटी."

"आणि मुंग्या?"

"मनगटात एक नस अरुंद बाहीतून जाते. आतलं मांस वाढलं, बाही काचायला लागली."

सकवारबाईंनी नकळत काखेत हात घातला.

"डोळ्यांचे दोन दोरे मागं मेंदूकडे जाताना बरोबर त्या हरभऱ्याच्या वर एकमेकांना ओलांडतात," डॉक्टर म्हणाली. "गाठ खालून त्यांना रेटते. तिथं दबलं की समोरचं दिसतं, दोन्ही कडांचं जातं. अंधार नाही दिसत, अम्मा. काहीच नाही दिसत. म्हणून कळतही नाही. माणूस एकदम बाजूनं उगवलं असं वाटतं."

सकवारबाईंच्या डोळ्यांपुढं कावेरी आली. भिंतीतून निघणारी, भिंतीत मुरणारी ती पोर. दारातून हाक मारत, पेला सावरत, सरळ चालत येणारी ती पोर.

"नाकातून वाट काढून गाठ काढता येते," डॉक्टर सांगत होती. "नजर बरीच परत येईल. मुंग्या जातील. हाताची सूजही स्वल्प ओसरेल. पण हाड वाढलं ते वाढलं. पाटल्या बहुतेक चढणार नाहीत."

सकवारबाईंनी पाटल्यांबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी नवऱ्याला आणि मुलाला बाहेर जायला सांगितलं. कावेरीही निघाली, तिला थांब म्हणाल्या नाहीत, जाही म्हणाल्या नाहीत. ती दाराशी घुटमळली.

"डॉक्टर," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या मनात जे आलं... हिनं कापड खाल्लं, सोनं बदललं... तेही त्या गाठीतनंच आलं का?"

विचारताना त्यांच्या मोठ्या झालेल्या बोटांनी पदर घट्ट धरला होता. डॉक्टरनं हो म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. हरभऱ्याएवढी गाठ, तिच्या डोक्यावर एवढंसं ओझं आणखी टाकायला काय जातं?

डॉक्टरनं थोडा विचार केला. "सून दिसत नव्हती, ते गाठीमुळं. ती लपते असं वाटलं, ते तुम्हांला."

ऑपरेशन दिवाळीनंतरच्या सोमवारी ठरलं. रविवारी दुपारी घरात पुन्हा दोघीच होत्या. कावेरी पुढून उघडणारा, डोक्यावरून न काढावा लागणारा ब्लाउज बेतायला बसली होती. इस्पितळात लागेल म्हणून. मापाला तिनं नेहमीसारखा जुना ब्लाउज घेतला.

"तो ठेव," सकवारबाई म्हणाल्या. "टेप आण. माझं माप घे."

कावेरी टेप घेऊन आली.

"आणि आकडा मोठ्यानं सांग. कुजबुज नको."

कावेरी त्यांच्या पाठीमागं गेली, मग डाव्या कडेला सरकली. म्हणजे नाहीशी झाली. टेपेचं गार टोक तेवढं मानेला लागलं.

"गळा पंधरा."

"पंधरा," सकवारबाई म्हणाल्या. मन जुन्या सवयीनं लगेच टोचलंच. पाव इंच मारला असेल का हिनं? "पुन्हा बघ."

"पुन्हा बघते." टेप सैल झाली, पुन्हा बसली. "सव्वापंधरा, आत्याबाई. मघा मीच कमी सांगितलं. स्वल्प बरं वाटावं म्हणून."

"मरो तुझं बरं वाटणं. खरं सांग. माया किती ठेवतेस?"

"दोन्हींकडून दीड-दीड इंच. डॉक्टर म्हणाल्यात, सूज ओसरेल. आत घ्यायला बरं पडेल."

टेप बरगड्यांवरून फिरली, दंडावर आली. हात दिसत नव्हता, माणूस दिसत नव्हतं. मान एवढीशी वळवली असती तर सगळं दिसलं असतं. सकवारबाईंनी समोरच्या खुंटीवर नजर ठेवली आणि मान वळवली नाही.

"कावेरी."

"आं?"

"दाराशी ती पिशवी कुणाची पडलीय तीन आठवडे?"

टेप थांबली. "माझी."

"आत नेऊन कपाटात रिकामी कर. मला बाजूचं दिसत नाही, पाय अडकून पडेन एखाद दिवशी."

मग शेजारून, जिथं काहीच नव्हतं तिथून, नाक ओढल्याचा आवाज आला.

"सरी, करते रिकामी, आत्याबाई. दंड बारा."

"बारा," सकवारबाई म्हणाल्या. "लिही."